रशियन साहित्यात एम.ए., पीएच.डी. करून पुढे काय? (बडोदा)

मांडवीकर

नमस्कार मंडळी. घरातला प्रश्न आहे, पण इथे वेगवेगळ्या क्षेत्रांतले लोक आहेत म्हणून मोकळेपणाने विचारतो.

लेक बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज करता करता तिने रशियनचे वर्ग केले. सुरुवातीला आम्हाला वाटलं, हौस आहे, होईल पूर्ण. आता ती म्हणते दिल्लीला जाऊन रशियनमध्ये एम.ए. करायचं, मग पीएच.डी., आणि तीही भाषेत नाही, साहित्यात. चेखॉव्ह, तो रशियन कथाकार, त्याच्यावर. घरात दोन तट पडलेत. बायको म्हणते जाऊ दे. माझे मोठे भाऊ म्हणतात, बडोद्यात राहून एम.बी.ए. कर, रशियन संध्याकाळी वाच.

गंमत अशी की आमच्या घरात हे एकदा होऊन गेलेलं आहे. माझी आत्या (वय ७१, दांडिया बाजार) हेच शिकली आणि जन्मभर हेच शिकवलं. तिच्या खोलीत अजून ती कापडी बांधणीची, जाड पिवळट कागदाची रशियन पुस्तकं भिंतभर आहेत. कपाट उघडलं की डिंक आणि जुन्या कागदाचा एक विशिष्ट वास येतो. लहानपणी मला तो रशियाचाच वास वाटायचा. तिला विचारलं, पोरीला पाठवू का? हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. उठली, कपाटातून एक जुनी वही काढली आणि लेकीच्या हातात दिली. लेक चार दिवस ती वही घेऊन बसली आहे.

मला खरंच समजून घ्यायचं आहे. ही वाट धरणाऱ्याचं आयुष्य कसं जातं? पोट भरतं का? एकटं पडायला होतं का? अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा.

शेवउसळ

माझी मजल 'स्पासीबा' आणि 'खराशो'पर्यंत. तज्ज्ञांच्या प्रतीक्षेत. वाचतोय.

कोयलीकर_काका

मांडवीकर, बडोद्यात रशियन शिकणं म्हणजे जगावेगळं काही नाही हो. नव्या पिढीला माहीत नसतं म्हणून सांगतो. १९६० साली अंकलेश्वरला तेल लागलं ते सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने. कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली, तीही त्यांच्याच सहकार्याने. त्या काळात इथे रशियन कुटुंबं राहायची. आमचे वडील त्याच कामात होते. दुभाष्या नसेल तर आठ तास नुसती चित्रं काढून काम चालायचं.

वडील एक किस्सा सांगायचे (कुठल्या साइटवरचा ते सोडा). आपल्या माणसाने व्हॉल्व्हवर हात ठेवून विचारलं, "खोलवानो ने?" म्हणजे उघडायचा ना? आता रशियनमध्ये 'ने' म्हणजे नकार. समोरच्या साहेबाला त्यातलं तेवढंच कळलं. त्याने जोरात मान हलवून सांगितलं, "ने, ने!" आपल्या माणसाला वाटलं, तोही गुजरातीत 'हो ने' म्हणतोय. पुढचा गोंधळ दुभाषी धावत आला म्हणून आटोपला. वडील नेहमी म्हणायचे, त्या दिवशी साइटवरचा सगळ्यात मोठा इंजिनियर तो दुभाषीच होता.

तेव्हा पोट भरतं का, याचं उत्तर त्या काळी तरी नक्की 'हो' असं होतं.

ग्वाल्हेरी

काकांचा किस्सा छान आहे, पण तो साठ वर्षांपूर्वीचा. आजचं मी सांगतो. कटू वाटेल, पण मांडवीकरांनी खरं विचारलंय तर खरं लिहितो.

माझ्या मुलाने परकीय भाषेत एम.ए. केलं (रशियन नाही, पण गत तीच). नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) पास झाला. त्यानंतर सहा वर्षं एका विद्यापीठात तासाच्या हिशेबाने शिकवतोय. मे-जूनमध्ये तास नाहीत, म्हणजे पैसे नाहीत. दर जुलैत नवं पत्र येईल की नाही, याची घालमेल. विभागात मंजूर जागा आहे, ती भरत नाहीत. लग्नाचं बोलणं निघालं की मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, "पर्मनंट आहे का?" त्याला विषयाची आवड नाही असं नाही, अजून रात्री दोनपर्यंत वाचतो. पण बापाला ते दोन वाजेपर्यंतचं वाचन दिसतं आणि महिन्याचं पासबुकही दिसतं.

मुलीला सांगा, शिक पण हातात दुसरं काही ठेव. बी.एड. कर, जर्मन कर. साहित्य कुठे पळून जात नाही.

निशिगंधा

ग्वाल्हेरी, तुमच्या प्रतिसादातली कळकळ पोहोचली. पण 'साहित्य कुठे पळून जात नाही' हे पटलं नाही. साहित्य नाही पळत, विशी पळते.

आर्या_दिल्ली

मी याच वाटेवर आहे (रशियन साहित्य, पीएच.डी.चं तिसरं वर्ष, मूळची नागपूरची), म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दिल्लीत १९६५ साली रशियन अध्ययनाची स्वतंत्र संस्था निघाली होती, ती १९६९ मध्ये जेएनयूत आली. आजही तिथला विभाग मोठा आहे. त्याशिवाय दिल्ली विद्यापीठ, हैदराबादचं इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ), मुंबई, पुणे, आणि तुमच्याकडे सयाजीराव विद्यापीठात आर्ट्सला रशियन आहेच. सगळ्या मिळून कायम जागा थोड्या, हे ग्वाल्हेरी काकांचं म्हणणं अगदी खरं आहे. ते लपवण्यात अर्थ नाही.

एम.ए.चा प्रवेश परीक्षेतून होतो. पुढे नेट आणि जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती). जेआरएफ मिळाली तर सध्या महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. पीएच.डी.ची वर्षं त्यावर नीट निघतात, हे मी अनुभवाने सांगते. रशियन सरकारच्या शिष्यवृत्त्याही असतात, त्यांची माहिती मुंबईत पेडर रोडच्या रशियन केंद्रात मिळते. आणि मधल्या काळात भाषेची प्रमाणपत्र परीक्षा देऊन ठेवावी, ती नोकरी आणि संशोधन दोन्हीकडे चालते.

आता मराठी मुलीला एक आनंदाची बातमी. वर्गात आम्ही मराठी आणि गुजराती मुलं काही बाबतींत इतरांच्या पुढे असतो. रशियनमध्ये तीन लिंगं. हिंदीवाल्यांचा नपुंसकलिंगापाशी पाय अडखळतो, आपल्याला 'ते झाड' जन्मापासून माहीत. दुसरं, त्यांचा 'त्स' उच्चार म्हणजे आपल्या 'चमचा'तला च. आमच्या बाई म्हणायच्या, मराठी मुलांना हे अक्षर फुकट मिळालंय.

रडवतात ती जाण्याची क्रियापदं. आपण पुण्याला जातो, वाण्याकडे जातो, सगळीकडे 'जातो'. त्यांच्याकडे पायी जाण्याचं क्रियापद वेगळं, वाहनाने जाण्याचं वेगळं, नुसतं जाण्याचं वेगळं, जाऊन-येऊन करण्याचं वेगळं. त्यात उपसर्ग लागले की वर्ष जातं. तुमच्या लेकीला विचारा, तिने ते वर्ष काढलं का? ते काढूनही आवड टिकली असेल तर पाठवा.

अनुस्वार

आर्या, उत्तम प्रतिसाद. थोडी भर.

रशियन माणसाच्या नावात वडिलांचं नाव असतंच, आणि ते आदराने हाक मारताना वापरतात. इंग्रजी वाचकाला ते ओझं वाटतं, लांबलचक नावं म्हणून कंटाळतो. मराठी माणसाला त्यात काय नवल? आपलंही नाव, वडिलांचं नाव, आडनाव. रशियन लेखक गोगोलच्या 'ओव्हरकोट' या कथेतल्या त्या गरीब कारकुनाचं नाव अकाकी अकाकियेविच आहे. बारशाला चांगलं नाव सुचेना तेव्हा आईने बापाचंच नाव मुलाला दिलं. आपल्याला लगेच समजतं की या माणसाला स्वतःचं म्हणून नावसुद्धा मिळालं नाही. इंग्रजीत तो नुसता एक विचित्र आवाज होऊन बसतो.

शेवउसळ

मग आपले महाराज जन्माने गोपाळराव काशीरावोविच, आणि १८७५ ला दत्तक आल्यावर सयाजीराव खंडेरावोविच! 😀

कोयलीकर_काका

शेवउसळ, वा! हे आमच्या कट्ट्यावर आज संध्याकाळीच सांगतो.

गोळीपुराण

मी बडोद्यातल्या एका औषध कंपनीत नियामक विभागात आहे. नोकरीच्या बाजूने लिहितो.

रशिया, कझाकस्तान, उझबेकिस्तान इकडे औषध नोंदवायचं तर शेकडो पानांची कागदपत्रं रशियनमध्ये लागतात. रुग्णासाठीचं माहितीपत्रक, वेष्टनावरचा मजकूर, सगळं. हे काम आमच्या पट्ट्यात, वापीपासून अहमदाबादपर्यंत, सतत असतं. सुरतेला कच्चे हिरे रशियातून येत आलेत, तिथेही पत्रव्यवहार असतो. आता पहिला मसुदा मशीन करतं, हे खरं. पण ते तपासायला माणूस लागतो आणि त्या माणसाची नजर तयार लागते.

एक उदाहरण देतो. रशियन लिखाणात दशांश चिन्ह म्हणजे स्वल्पविराम. आपण ०.५ लिहितो, ते ०,५ लिहितात. एकदा एका तक्त्यात तो स्वल्पविराम उडाला होता आणि मागचा आकडा पाच दिसत होता. मात्रा दहापट! दोन विज्ञान पदवीधरांच्या हातून पान पुढे गेलं होतं. थांबवलं ते एका बाईंनी, ज्यांची पीएच.डी. रशियन कवितेत होती. मी विचारलं, तुम्हाला कसं दिसलं? म्हणाल्या, "आम्हाला स्वल्पविराम वाचायचीच सवय असते."

त्या दिवसापासून मी साहित्यवाल्यांना आधी काम देतो. मात्र हे काम पानावर मिळतं, पगारावर नाही, हे लक्षात ठेवा.

ग्वाल्हेरी

गोळीपुराण, स्वल्पविरामाचं मनापासून आवडलं. पण शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. 'पानावर मिळतं, पगारावर नाही.' माझा मुद्दा तोच आहे.

मांडवीकर, तुमच्या आत्यांचं कसं झालं ते लिहा ना. त्यांना पेन्शन होती का? एकट्या राहिल्या का? इतर सगळ्यांपेक्षा तोच पुरावा मोठा.

मांडवीकर

सगळ्यांचे आभार. ग्वाल्हेरी, तुमचा प्रश्न योग्य आहे. काल संध्याकाळी आत्याकडे बसून विचारलं. तिने प्रथमच सलग सांगितलं. तिच्या परवानगीने लिहितो.

आजोबांना वाटायचं मुलीने शिक्षिका व्हावं. ही संध्याकाळच्या वर्गाला रशियन शिकायला जायची, तेही एका मैत्रिणीला सोबत हवी होती म्हणून. मैत्रिणीने दोन महिन्यांत सोडलं, हिने सोडलं नाही. मग दिल्लीला एम.ए. घरातून शिक्षणासाठी दिल्लीला गेलेली पहिली मुलगी. परत आल्यावर तीन वर्षं तेल क्षेत्रात दुभाषी होती. दिवसभर ड्रिलिंग, दाब, चिखल, नळ्या यांचे शब्द, आणि रात्री चेखॉव्ह. ती म्हणते, त्या तीन वर्षांत रशियन माणसं कशी बोलतात ते ऐकलं, नाहीतर नुसती पुस्तकी भाषा आली असती. मग पीएच.डी. करताना दहा महिने मॉस्कोला, पुश्किन इन्स्टिट्यूटमध्ये. तिथून आणलेली लोकरीची टोपी अजून खुंटीला आहे. बडोद्यात ती कधी घालायची, हा प्रश्न चाळीस वर्षं सुटलेला नाही.

मग शिकवणं. आधी काही वर्षं तासाच्या हिशेबाने, ग्वाल्हेरींच्या मुलासारखंच. पस्तिशी उलटल्यावर कायम झाली. पेन्शन आहे. लग्न केलं नाही, पण एकटी म्हणावं अशी ती मला कधी दिसली नाही. तिच्याकडे संध्याकाळी कोणीतरी असतंच.

१९९१ हे वर्ष तिच्या तोंडून वेगळंच ऐकलं. आपण बातम्यांत सोव्हिएत युनियन संपलं असं वाचलं. तिच्यासाठी आधी मासिकं थांबली. मग स्वस्त पुस्तकं यायची थांबली. मग जून उजाडला आणि वर्गात तीसच्या जागी चार मुलं बसली. लोक तोंडावर म्हणायचे, "आता तुमचा देशच गेला." ती त्या चार मुलांना तितक्याच तयारीने शिकवत राहिली. पुढे हळूहळू औषधवाले आले, रशियात डॉक्टरी शिकायला जाणारी मुलं आली. त्यांना सहा महिन्यांत 'कुठे दुखतंय' एवढं रशियन हवं असायचं. तेही तिने शिकवलं. मी विचारलं, त्याचा कंटाळा नाही आला? म्हणाली, "कुठे दुखतंय, हेच तर चेखॉव्हही विचारतो. तो डॉक्टरच होता."

आता त्या वहीविषयी. चेखॉव्हची १८८६ सालची एक छोटी गोष्ट आहे. पीटर्सबर्गमधला एक म्हातारा घोडागाडीवाला, इओना. त्याचा तरुण मुलगा त्याच आठवड्यात गेलाय. बर्फ पडतंय, तो गिऱ्हाइकांना सांगायचा प्रयत्न करतो, कोणी ऐकत नाही. शेवटी तबेल्यात तो आपल्या घोडीला सांगतो. बस, एवढीच गोष्ट. आत्याने ती १९७९ मध्ये मराठीत करायला घेतली आणि अजून पुरी केलेली नाही. शीर्षकापाशीच अडली आहे.

रशियन शीर्षक एकाच शब्दाचं. लिहितात 'तोस्का', बोलतात 'तस्का'. इंग्रजीत कोणी 'मिझरी' केलं, कोणी 'हार्टेक'. वहीच्या पहिल्या पानावर आत्याने लिहून खोडलेले शब्द मी मोजले. एकोणीस. काही शाईत, काही पेन्सिलने, एक हिरव्या बॉलपेनने. पानाला एका ठिकाणी खोडून खोडून भोक पडलं आहे.

निशिगंधा

बाप रे, एकोणीस शब्द!! 'हुरहूर' त्यात होता का?

मांडवीकर

पहिलाच तो. खोडलाय. शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, 'हुरहूर गोड असू शकते. ही नाही.'

अनुस्वार

बरोबर आहे त्यांचं. हुरहूर संध्याकाळची, प्रेमाची, परगावी जायच्या आदल्या रात्रीची. मुलगा गेलेल्या बापाची नाही. 'काहूर'? पण काहूर माजतं, त्यात गोंगाट आहे. 'तगमग' आणि 'उलघाल' यांत हालचाल फार. इओना गोष्टीत बहुतेक वेळ नुसता बसून असतो.

कोयलीकर_काका

गुजरातीत 'झुरापो' आहे. आपल्याकडे 'झुरणे' आहे, पण तिथे नाम बनलंय ते आपल्याकडे रुळलं नाही. बडोद्याच्या मराठीला 'झुरापा' चालेल ने?

निशिगंधा

काका, 'झुरापा' ऐकायला सुंदर आहे. पण पुण्याचा वाचक अडेल. आणि झुरणं हे दूर असलेल्यासाठी असतं, जो येऊ शकतो अशासाठी.

पुस्तकवाला_ठाणे

या चर्चेतच धाग्याच्या मूळ प्रश्नाचं एक उत्तर आहे. मराठीत रशियन साहित्य बहुतांश इंग्रजीवरून आलं. वाईट नाही, साने गुरुजींनी टॉलस्टॉयचं 'कला म्हणजे काय?' मराठीत आणलं, त्यावर कितीतरी जण वाढले. अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले आणि त्यांचं प्रवासवर्णन आपण आजही वाचतो. हा संबंध जुना आणि जिवंत आहे. पण थेट रशियनवरून मराठी करणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. इंग्रजीवरून करणाऱ्यासमोर 'मिझरी' हा शब्द येतो आणि तो 'दुःख' लिहून पुढे जातो. एकोणीस शब्द त्याच्यासमोर येतच नाहीत.

मांडवीकर, तुमची मुलगी त्या मोजक्या माणसांत जाणार असेल तर आम्हा वाचकांना ती हवी आहे. नोकरीचं मला माहीत नाही, गरजेचं माहीत आहे.

वाचनवेडा_इंदूर

रशियन साहित्याच्या अभ्यासकाचं करिअर म्हटल्यावर मला खुद्द तिथल्या तीन अभ्यासकांची आठवण झाली. अवांतर वाटेल, तरी लिहितो.

दिमित्री लिखाचोव्ह, जुन्या रशियन साहित्याचा सर्वांत मोठा जाणकार. १९२८ साली, विद्यार्थीदशेत, अटक झाली आणि सोलोव्हकीच्या कैद्यांच्या छावणीत पाठवला गेला. त्याचा पहिला शोधनिबंध छावणीच्याच मासिकात छापला गेला, विषय काय, तर गुन्हेगार कैद्यांचे पत्त्यांचे खेळ! सुटल्यावर कितीतरी वर्षं मुद्रितं तपासण्याची नोकरी केली. लेनिनग्राडच्या वेढ्यातून जगला आणि १९९९ पर्यंत लिहीत राहिला.

मिखाइल बाख्तिन. दोस्तोयेव्हस्कीवरचं त्याचं पुस्तक १९२९ मध्ये आलं, त्याच वर्षी शिक्षा झाली. कझाकस्तानात हद्दपारी, तिथे हिशेबनीसाचं काम. १९३८ मध्ये एक पाय कापावा लागला. राब्ले या फ्रेंच लेखकावरच्या प्रबंधाला १९४६ मध्ये वाद होऊन डॉक्टरेट नाकारली, खालची पदवी दिली, तीसुद्धा ताटकळत ठेवून. सारान्स्क नावाच्या लहान गावात शिकवत राहिला. साठच्या दशकात मॉस्कोतल्या तरुण अभ्यासकांनी त्याला शोधून काढलं, तोवर त्यांना वाटत होतं तो हयातच नाही. आज जगभर साहित्याच्या वर्गात बाख्तिन शिकवतात.

युरी लोतमान. युद्धावरून परतला, लेनिनग्राडला शिकला, पण ज्यू म्हणून तिथे नोकरी मिळेना. १९५० मध्ये एस्टोनियात तार्तूला गेला. राजधानीपासून दूरच्या त्या गावातच त्याच्यामुळे विचारांची एक शाळा उभी राहिली.

यांच्यापुढे 'पर्मनंट आहे का' हा प्रश्न लहान आहे, असं मला म्हणायचं नाही. उलट तिघांनाही तो प्रश्न कधी ना कधी छळून गेला. सांगायचं इतकंच की या विषयात सरळ चढत जाणारं करिअर त्यांच्या देशातही अपवादानेच होतं.

गोळीपुराण

+१. छावणीतला पत्त्यांवरचा निबंध माहीत नव्हता. वाचनखूण साठवली.

ग्वाल्हेरी

इंदूरकर, माहिती मोलाची आहे, आदरही वाटला. पण थोरांची उदाहरणं ऐकून सामान्य बापाचा जीव निवत नाही. माझा मुलगा बाख्तिन नाही, तो फक्त चांगला शिक्षक आहे. चांगल्या शिक्षकाला वेळेवर पगार मिळावा, एवढंच माझं म्हणणं, आणि ते मी सोडणार नाही.

वाचनवेडा_इंदूर

ग्वाल्हेरी, मान्य. शंभर टक्के मान्य.

मांडवीकरांची_लेक

नमस्कार. बाबांनी हा धागा काढलाय हे मला आज कळलं. सगळे प्रतिसाद वाचले. ग्वाल्हेरी काका, तुमचे दोनदा वाचले. तुम्ही लिहिलंय ते सगळं मला माहीत असायला हवं होतं. माहीत नव्हतं. आर्याताई, जाण्याच्या क्रियापदांचं वर्ष मी काढलंय. अजून चुकते, पण आता रडत नाही.

अनुस्वार काका वडिलांच्या नावाबद्दल बोलले आणि त्यावर गंमत झाली, म्हणून आजीच्या (बाबांची आत्या, मी आजी म्हणते) वहीतलं शेवटचं पान सांगते. गोष्टीच्या शेवटी इओना घोडीला सांगतो की मुलगा गेला. तेव्हा तो 'माझा पोरगा' म्हणत नाही, 'कुझ्मा' म्हणत नाही. म्हणतो, "कुझ्मा इओनिच नाही राहिला." इओनिच म्हणजे इओनाचा. गाडीवाल्याच्या पोराला जिवंतपणी असं आदराने कोणी हाक मारली असेल का? बाप त्याला गेल्यावर पूर्ण मान देतो, आणि तो मान देताना स्वतःचं नाव उच्चारतो. मी हे इंग्रजीतून दोनदा वाचलं होतं. दोन्ही वेळा नुसतं नाव म्हणून पुढे गेले.

मग तो 'मेला' असंही म्हणत नाही. रशियनमध्ये एक म्हणण्याची रीत आहे, शब्दशः अर्थ 'तुम्ही खूप जगा असं सांगून गेला'. पुढच्याच वाक्यात तो घोडीला म्हणतो, आता समज, तुला एक शिंगरू होतं, तू त्या शिंगराची सख्खी आई, आणि समज ते शिंगरूच 'खूप जगा' असं सांगून गेलं, तर वाईट वाटेल ना? शिंगरालाही तीच माणसाची भाषा. आजीने इथे आधी 'देवाज्ञा झाली' लिहिलं होतं. ते खोडून आता 'खूप जगा म्हणून गेला' असंच सरळ ठेवलंय. तळटीप नाही. मी विचारलं, वाचकाला कळेल? ती म्हणाली, "ज्याचं कोणी गेलंय त्याला कळेल."

सुरुवातीला घोडीचं वर्णन आहे, ती इतकी निश्चल उभी असते की एका कोपेकला (रशियन पैशाला) मिळणाऱ्या मधाच्या बिस्किटाच्या घोड्यासारखी दिसते. तिथे आजीने लिहिलंय, 'दिवाळीतला साखरेचा घोडा'. मी म्हटलं, आजी, बर्फ पीटर्सबर्गचं आणि घोडा दिवाळीचा, कसं चालेल? या एका ओळीवर आमचं परवा दीड तास भांडण झालं. चहा गार झाला. शेवटी तिने पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तू लिही." मी अजून काही लिहिलेलं नाही.

मला हे करायचं आहे. जर्मनची कल्पना वाईट नाही, पण मला हेच करायचं आहे. गोळीपुराण काका, सुट्टीत तुमच्याकडे कागदपत्रं तपासायला शिकवाल का? मी स्वल्पविराम वाचीन.

गोळीपुराण

जरूर. परीक्षा झाली की ये. निरोप टाकतोय.

निशिगंधा

इओनिचचं वाचून अंगावर काटा आला.

पुस्तकवाला_ठाणे

शीर्षक सापडेपर्यंत थांबू नका. शीर्षकाशिवाय छापता येत नाही हे खरं, पण वाचता येतं.

अनुस्वार

साखरेच्या घोड्याबाबत माझं मत आजींच्या बाजूने. मूळ वाचकाला तो जत्रेतला स्वस्त, गोड, पोरांच्या हातातला घोडा दिसतो. 'मधाचं बिस्किट' म्हटलं की आपल्याला बेकरीचं काच-कपाट दिसतं. फक्त 'दिवाळीतला' हा शब्द काढा, घोडा राहू द्या.

शेवउसळ

अनुस्वार +१. 'साखरेचा घोडा' पुरे. वाद मिटला तर शेवउसळ माझ्याकडून, आजींना तिखट कमी.

मांडवीकर

ही लेक इथे येईल असं वाटलं नव्हतं. काही सुचत नाही लिहायला. फॉर्म भरायचं ठरलं. भावाशी आज बोललो, तो गप्प झाला आणि मग म्हणाला, राजधानीचं तिकीट मी काढतो. सगळ्यांचे मनापासून आभार. आत्याला सगळा धागा वाचून दाखवला. 'झुरापो'वर थांबली, वही मागितली आणि विसावा शब्द म्हणून टिपून ठेवला. खोडलेला नाही अजून.

ग्वाल्हेरी

साखरेचे हत्ती-घोडे आमच्याकडे दिवाळीला अजून विकायला येतात. मुलगा लहान असताना पूजेपर्यंत दम धरायचा नाही, आधी घोड्याची मान मोडायचा. घोडा राहू द्या.

पगाराचं माझं म्हणणं कायम आहे. पण मुलगा सध्या दिल्लीत मुनिरकाला राहतो, विद्यापीठ तिथून जवळ आहे. मुलीला खोली बघायची असेल तर कळवा, तो स्टेशनवर घ्यायला येईल.